मतदानात हरल्यावर काय? लोकशाहीची बाजू घेणारे कॅथलिक विचारवंत आणि त्यांची न जुळणारी कारणे

टीपकागद (धागाकर्ता)

१८३२ च्या ऑगस्टमध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी ‘मिरारी वोस’ हे परिपत्रक काढून सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य, छापण्याचे स्वातंत्र्य आणि धर्मसत्ता-राजसत्ता यांची फारकत या तिन्ही गोष्टी एका दमात धिक्कारल्या. त्यात नाव कोणाचेच नव्हते, पण रोख कोणावर आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. फेलिसिते द लामने या फ्रेंच धर्मगुरूने लाकोर्देर आणि मोंतालांबेर या दोन तरुणांना हाताशी धरून १८३० मध्ये ‘लाव्हनीर’ हे दैनिक सुरू केले होते आणि ‘देव आणि स्वातंत्र्य’ हे त्याचे ब्रीदवाक्य होते. पुढे १३३ वर्षांनी, ७ डिसेंबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या महासभेने, धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा २,३०८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केला.

या दोन तारखांमध्ये जे घडले ते ‘चर्चला उशिरा का होईना शहाणपण सुचले’ अशा एका वाक्यात गुंडाळण्याची रीत आहे. त्या वाक्यात माणसे हरवतात, ही माझी तक्रार आहे. मधल्या काळात ज्या कॅथलिक विचारवंतांनी लोकशाहीची बाजू घेतली त्यांचे आपसात फारसे पटणारे नव्हते, आणि त्यांची कारणे शेजारी शेजारी मांडली तर ती एकाच घराण्यातली आहेत असे वाटतही नाही. आपल्या मनासारखे कायदे होत असतात तोवर लोकशाहीवादी असणे कोणालाही जमते. म्हणून यांतल्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारून पाहतो: तुमच्या दृष्टीने निखालस अन्यायाचा असलेला कायदा रीतसर, बहुमताने मंजूर झाला, तर तुमची लोकशाहीनिष्ठा कुठे उभी राहते?

लॉर्ड ॲक्टन या इंग्रज इतिहासकारापासून सुरुवात करतो, कारण त्याचे एक वाक्य आपल्याकडच्या अग्रलेखांतही वरचेवर भेटते. सत्ता माणसाला भ्रष्ट करू पाहते आणि निरंकुश सत्ता पुरते भ्रष्ट करते, हे ते वाक्य पोपांवरून झालेल्या वादातले आहे, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. ॲक्टनने ते ५ एप्रिल १८८७ च्या पत्रात क्रायटन या अँग्लिकन इतिहासकाराला लिहिले. क्रायटन प्रॉटेस्टंट असूनही जुन्या पोपांना सांभाळून घेत होता, आणि कॅथलिक ॲक्टन म्हणत होता की पोप असो वा राजा, त्याच्या कृत्यांना सामान्य माणसाला लावतो तोच दंडक लावला पाहिजे. म्हणजे ॲक्टनची स्वातंत्र्यनिष्ठा सत्तेच्या धास्तीतून आलेली आहे, आणि बहुमत हीही सत्ताच असल्याने तिचीही त्याला तितकीच धास्ती आहे. त्याचे उत्तर सरळ आहे: बहुमताला आधीच इतके लगाम घालून ठेवा की असा कायदा होऊच नये.

हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, आणि त्याचे कारण ॲक्टनच्याच चरित्रात आहे. अमेरिकन यादवी युद्धात तो दक्षिणेच्या बाजूचा होता, कारण घटक राज्यांचे हक्क म्हणजे मध्यवर्ती बहुमताला घातलेला लगाम अशी त्याची समजूत होती. वॉटर्लूला जे वाचले त्याच्या आनंदापेक्षा रिचमंडला, म्हणजे दक्षिणेच्या राजधानीत, जे गेले त्याचा शोक मला अधिक आहे, असे त्याने १८६६ मध्ये दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांना लिहिले. ज्या राज्यांची तो कड घेत होता तिथे लाखो माणसे गुलामीत होती आणि त्यांना मत तर सोडाच, स्वतःचे मूलही स्वतःचे म्हणता येत नव्हते. लगामाचीच पूजा करत बसले की तो कोणाच्या तोंडात आहे आणि कोणाच्या हातात, हे पाहायचे राहून जाते.

जॅक मारितँ (१८८२–१९७३) या फ्रेंच तत्त्वज्ञाची वाट अगदी वेगळी आहे. १९०६ मध्ये त्याने आणि त्याची ज्यू कुटुंबातली पत्नी राइसा हिने कॅथलिक धर्म स्वीकारला, आणि त्यानंतर बरीच वर्षे तो राजेशाहीवादी ‘आक्सियाँ फ्राँसेज’च्या आसपास वावरत होता. १९२६ मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्या चळवळीचा निषेध केल्यावर तो तिच्यापासून दूर झाला. मग १९३६ चा ‘समग्र मानवतावाद’, स्पेनमधल्या फ्रँकोच्या युद्धाला धर्मयुद्ध म्हणण्यास दिलेला नकार, १९४० नंतरचा अमेरिकेतला निर्वासितपणा, आणि १९४३ मधले ‘ख्रिस्ती धर्म आणि लोकशाही’ हे छोटे पुस्तक. त्यात तो म्हणतो की माणसामाणसांची समानता, प्रत्येक जिवाची किंमत आणि सत्ताधाऱ्याचे सेवकपण या कल्पना शुभवर्तमानाने समाजाच्या पिठात खमिरासारख्या मुरवल्या, आणि पुढे त्या राजकारणात आणण्याचे काम पुष्कळदा चर्चबाहेरच्या, चर्चशी भांडणाऱ्या माणसांनी केले. हा मोठ्या मनाचा कबुलीजबाब आहे. तरीही त्यात एक गोम आहे: लोकशाही जर शुभवर्तमानाचे फळ असेल, तर ते खमीर समाजातून उतरल्यावर तिचे काय होणार, आणि ज्या देशांत ते कधी पडलेच नाही तिथल्या लोकशाहीला काय म्हणायचे?

तिसरा माणूस मला सर्वांत आवडतो आणि त्याच्याविषयी सर्वांत कमी लिहिले जाते. यीव्ह सिमों हा मारितँचाच विद्यार्थी होता. १९३८ मध्ये तो अमेरिकेत नोटर डेमला गेला, तिथून शिकागोला, आणि १९५१ मध्ये त्याचे ‘लोकशाही शासनाचे तत्त्वज्ञान’ प्रसिद्ध झाले. माणसे वाईट असतात म्हणून सत्ता लागते, हे गृहीतकच तो नाकारतो. संतांचा समाज असता तरी अधिकारपद लागलेच असते, असे त्याचे प्रतिपादन आहे. मी ते स्वतःशी असे समजावून घेतो: गावातली सगळी माणसे भली आहेत, पालखी नेण्याच्या दोन्ही वाटा चांगल्या आहेत, आणि नेमके म्हणूनच कोणीतरी ‘यंदा या वाटेने’ असे ठरवल्यावाचून पालखी हलणार नाही. हा ठरवण्याचा अधिकार मूळचा कोणाचा, या प्रश्नावर सिमों बेलार्मिन आणि सुआरेझ या जुन्या जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघातल्या) पंडितांकडे वळतो. अधिकार देवापासून येतो, पण तो आधी संबंध लोकसमूहाकडे येतो आणि लोक तो राज्यकर्त्याकडे सोपवतात, असे ते मानत. हे मत राजांना किती झोंबले असेल याची कल्पना एवढ्यावरून यावी की सुआरेझचा १६१३ चा ग्रंथ इंग्लंडच्या पहिल्या जेम्सने लंडनमध्ये जाळवला. मात्र राज्यकर्ता म्हणजे बसणारा सांगेल तिकडे गाडी हाकणारा टांगेवाला, ही कल्पनाही सिमोंला मान्य नाही. लोकांनी अधिकार सोपवला आहे, म्हणून हरलेल्यानेही कायदा पाळावयाचा आहे. तो पाळताना आपण केवळ जास्त डोक्यांपुढे नमतो आहोत असे मात्र त्याने समजू नये.

जॉन कोर्टनी मरे या अमेरिकन जेझुइटावर मुद्दाम लिहिले नाही. इथे कायद्याची जाणकार मंडळी आहेत.

दुपारचा चहा

लेख आवडला, तरी एक शंका उघडपणे मांडतो. ही सगळी तत्त्वे पराभवानंतर सुचलेली आहेत असे आपल्याला वाटत नाही का? एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात कॅथलिक पाठ्यपुस्तकांत एक सोयीचा भेद शिकवला जात असे. जिथे कॅथलिक बहुसंख्य आहेत तिथे राज्याने कॅथलिक धर्माला विशेष स्थान द्यावे, हे ‘तत्त्व’. आणि जिथे ते अल्पसंख्य आहेत तिथे सर्वांना स्वातंत्र्य असावे, ही ‘परिस्थितीनुसार सवलत’. १९५३ मध्ये फ्रँकोच्या स्पेनशी व्हॅटिकनने केलेला करार पाहा आणि त्याच वर्षी अमेरिकेतले कॅथलिक आपल्या राज्यघटनेचे गोडवे कसे गात होते तेही पाहा.

लोकशाही या शब्दाचेही तेच. पोप तेराव्या लिओंनी १९०१ मध्ये ‘ख्रिस्ती लोकशाही’ हा शब्द चालवून घेतला, पण त्याला राजकीय अर्थ असता कामा नये, त्याचा अर्थ गोरगरिबांसाठी केलेले ख्रिस्ती कार्य एवढाच घ्यावा, असे बजावले. मार्क सांग्निए या तरुणाच्या ‘सियाँ’ चळवळीने तो शब्द जरा मनापासून घेतला, तर दहाव्या पायस यांनी १९१० मध्ये तिला फटकारले. डॉन लुइजी स्तुर्झो या सिसिलीतल्या धर्मगुरूने १९१९ मध्ये इटलीत लोकपक्ष काढला आणि मुसोलिनीला विरोध केला, तर १९२४ मध्ये त्यालाच देश सोडावा लागला, आणि तेव्हा व्हॅटिकनने त्याची पाठराखण केली नाही. आपला प्रश्न ‘हरल्यावर काय’ असा आहे. माझा प्रश्न ‘जिंकल्यावर काय’ असा आहे. बहुमत हाती आल्यावर हे विचारवंत इतरांना काय देणार होते?

वकिली लेखणी

आपल्या प्रश्नावर ज्याने स्वतःचे आयुष्य पणाला लावले तो माणूस मरेच आहे, म्हणून दोघांनाही एकत्र उत्तर देते.

मरे हा मेरीलँडमधल्या वुडस्टॉक महाविद्यालयात शिकवणारा जेझुइट. १९४९ मध्ये पॉल ब्लॅन्शर्डचे पुस्तक निघाले आणि कॅथलिक लोक बहुसंख्य झाले की अमेरिकेचे स्वातंत्र्य संपेल, हे भय त्याने घरोघर पोहोचवले. या भयाला आधार होता तो नेमका आपण सांगितलेल्या ‘तत्त्व आणि सवलत’ या भेदाचाच. मरेचे मोठेपण असे की त्याने ब्लॅन्शर्डला उत्तर देताना तो भेदच मोडीत काढायला घेतला. पोप गेलाशियस यांनी ४९४ मध्ये सम्राट अनास्तासियसला लिहिले होते की जगाचा कारभार दोन सत्तांनी चालतो. मरेने त्यातून निष्कर्ष काढला की धार्मिक सत्य कोणते हे ठरवण्याची राज्याला पात्रताच नाही, मग त्या राज्यात बहुसंख्य कोणीही असोत. म्हणजे ‘जिंकल्यावर काय’ याचे त्याचे उत्तर असे, की जिंकल्यावरही राज्य आपल्या हाती हे हत्यार देऊ शकत नाही, कारण ते त्याच्याजवळ मुळात नाहीच.

रोमला हे रुचले नाही. कार्डिनल ओत्ताविआनी जुन्या भेदाचे खंदे समर्थक होते. १९५५ मध्ये मरेला वरिष्ठांनी समज दिली आणि या विषयावरचे त्याचे लिखाण थांबले. १९६२ मध्ये परिषदेच्या पहिल्या सत्राला त्याला बोलावले नाही. १९६३ मध्ये न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन त्याला तज्ज्ञ म्हणून घेऊन गेले, आणि ज्या जाहीरनाम्याचे आकडे वर दिले आहेत त्याच्या मसुद्यांवर त्याने काम केले. ज्याचे तोंड बंद केले त्याच्याच हाती दहा वर्षांच्या आत मसुदा आला, असे आमच्या व्यवसायात सहसा घडत नाही.

आता धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येते. १९६० मध्ये, म्हणजे केनेडी हे पहिले कॅथलिक राष्ट्राध्यक्ष निवडून आले त्याच वर्षी, मरेने ‘आम्ही ही सत्ये मानतो’ या पुस्तकात म्हटले की अमेरिकन घटनेच्या पहिल्या दुरुस्तीतली धर्मविषयक कलमे ही श्रद्धेची कलमे नव्हेत, ती तहाची कलमे आहेत. कॅथलिकाने ती मान्य करावी यासाठी त्यांतून कोणतेही धर्मशास्त्र मान्य करावे लागत नाही. भिन्न श्रद्धांची माणसे एकत्र नांदावीत हेच एक नैतिक हित आहे, आणि तेवढ्या कारणाने ती पाळणे कर्तव्य ठरते. १९६५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात संततिनियमनाच्या साधनांवरची बंदी उठवण्याचा प्रश्न आला, तेव्हा बोस्टनचे कार्डिनल कुशिंग यांना त्याने टिपण लिहून दिले: चर्चच्या दृष्टीने जे पाप आहे ते सगळे राज्याच्या दृष्टीने गुन्हा असावे असे नाही, कायद्याचा विषय सार्वजनिक सुव्यवस्था हा आहे, आणि ज्या बाबतीत समाजात प्रामाणिक मतभेद आहेत तिथे कॅथलिकांनी शिकवणीने पटवावे, दंडुक्याने नव्हे. हरलेल्या पक्षाला इतकी उपयोगी पडेल अशी भूमिका ॲक्टन, मारितँ आणि सिमों या तिघांपैकी कोणाच्याही लिखाणात मला सापडत नाही.

नेकारकाठ

मी गेली बरीच वर्षे जर्मनीत राहतो, आणि या धाग्यात एर्न्स्ट-वोल्फगांग ब्योकेनफ्योर्ड (१९३०–२०१९) यांचे नाव अजून आले नाही याचे नवल वाटले. ते घटनातज्ज्ञ होते, १९८३ ते १९९६ या काळात जर्मनीच्या घटना न्यायालयाचे न्यायाधीश होते, श्रद्धाळू कॅथलिक होते आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे सभासदही होते, आणि तेव्हाच्या जर्मन कॅथलिकांना या शेवटच्या दोन गोष्टींची सांगड फारशी रुचणारी नव्हती.

धागाकर्त्याने जो प्रश्न विचारला आहे तो त्यांनी १९५७ मध्येच ‘होखलांट’ या कॅथलिक मासिकात विचारला होता, आणि १९६१ मध्ये त्याच मासिकातल्या दुसऱ्या लेखात त्याला इतिहासाचे पुरावे जोडले. १९३३ मध्ये काय झाले? २३ मार्चला कॅथलिकांच्या ‘सेंट्रुम’ पक्षाने हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याच्या बाजूने मत दिले. २८ मार्चला बिशपांनी नाझी पक्षाविषयी आधी घातलेल्या बंधनांतून माघार घेतली. २० जुलैला व्हॅटिकनने जर्मन राइखशी, म्हणजे हिटलरच्या सरकारशी, करार केला. भित्री किंवा लोभी माणसे सगळीकडे असतात, असे म्हणून हा विषय मिटवता आला असता. ब्योकेनफ्योर्ड तसे करत नाहीत. त्यांचे निदान अधिक अस्वस्थ करणारे आहे: दोष त्या शिकवणीतच होता. शासनाचा प्रकार कोणताही असो, राजेशाही असो वा लोकशाही, तो निसर्गदत्त कायद्याला आणि चर्चच्या हक्कांना धरून असला म्हणजे झाले, असे कॅथलिकांना पिढ्यानपिढ्या शिकवले गेले. त्यामुळे शाळा शाबूत राहणार, संस्था शाबूत राहणार असे आश्वासन मिळताच प्रजासत्ताकासाठी उभे राहण्याचे कारणच उरले नाही. लोकशाही त्यांनी भाड्याच्या घरासारखी वापरली होती, आणि नवा मालक भाडे वाढवत नाही म्हटल्यावर घर कोणाचे याची त्यांनी चौकशी केली नाही.

यावर तेव्हा मोठे रण माजले. त्यांचे स्वतःचे म्हणणे असे होते की लोकशाहीची पद्धतच नैतिक आहे, कारण आज हरलेल्याला उद्या जिंकण्याची समान संधी देणे हा तिचा गाभा आहे. आणि कॅथलिकाने ती चर्चच्या लाभासाठी न मानता तिच्यासाठीच मानली पाहिजे.

त्यांचे एक वाक्य मात्र सगळीकडे उद्धृत होते आणि बहुधा उलट अर्थाने. उदारमतवादी धर्मनिरपेक्ष राज्य ज्या पायावर जगते त्याची हमी ते स्वतः देऊ शकत नाही, असे ते १९६४ च्या व्याख्यानात म्हणाले. इथले काही राजकारणी त्याचा अर्थ ‘म्हणून राज्याने ख्रिस्ती व्हावे’ असा काढतात. मूळ निबंधाचा शेवट वाचला तर तिथे ख्रिस्ती लोकांना उद्देशून नेमके उलट सांगितले आहे: हे धर्मनिरपेक्ष राज्य परके किंवा श्रद्धेचे वैरी समजू नका, ती स्वातंत्र्याची संधी आहे.

मांडवीतीर

गोव्याच्या बाजूने दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात.

फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांचा जन्म १८२९ मध्ये साष्टीतल्या नावेलीला झाला. १८६१ पासून ते लिस्बनच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी होते, आणि त्याच वर्षाच्या जानेवारीत त्यांनी फ्रेंच कवी आणि राजकारणी लामार्तीन यांना लिहिलेले पत्र गोव्यात आजही सांगितले जाते. महाभारत रचणाऱ्या आणि बुद्धिबळ शोधून काढणाऱ्या वंशातला मी आहे, असे सांगून त्यांनी हिंदुस्थानासाठी स्वातंत्र्य आणि प्रकाश मागितला. लामनेपासून निघालेली उदारमतवादाची हवा एका गोमंतकीय कॅथलिकापर्यंत पोहोचली तेव्हा तिच्यात धर्मसत्ता-राजसत्तेपेक्षा वसाहतीचा प्रश्न पुढे आला, हे मला महत्त्वाचे वाटते. वर ज्यांची चर्चा झाली त्यांपैकी कोणालाही परक्या देशाच्या संसदेत बसून स्वदेशासाठी स्वातंत्र्य मागावे लागले नव्हते.

दुसरी गोष्ट कडू आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार विझेवच्या सेमिनरीत शिकलेला, नेमाने चर्चला जाणारा माणूस होता, आणि १९३३ च्या त्याच्या राज्यघटनेमागे वर्गसंघर्षाऐवजी व्यावसायिक संघांच्या सहकार्याची जी भाषा होती ती पोपच्या सामाजिक परिपत्रकांतून उचललेली होती. आमच्या वाडवडिलांनी ती राजवट १९६१ च्या डिसेंबरपर्यंत भोगली. पण त्याच परिपत्रकांचा आधार घेऊन पोर्तूचे बिशप आंतोनियु फेरैरा गोमिश यांनी १९५८ मध्ये सालाझारला पत्र लिहिले आणि लोकांची गरिबी, संपाचा हक्क आणि नागरिकांचे राजकारणातले स्थान यांविषयी जाब विचारला. दुसऱ्या वर्षी त्यांना देशाबाहेर राहणे भाग पडले, आणि १९६९ मध्ये, सालाझार सत्तेवरून गेल्यावरच, ते परत येऊ शकले. हुकूमशहा आणि बिशप हे दोघेही एकाच पोपची वचने देत होते. म्हणून परिपत्रकात काय लिहिले आहे एवढ्यावर कोणाचीही लोकशाहीनिष्ठा ठरवू नये असे मला वाटते.

टीपकागद

‘वकिली लेखणी’ यांचा मरे आणि ‘नेकारकाठ’ यांचे ब्योकेनफ्योर्ड वाचल्यावर माझ्या मूळ लेखातला सिमोंविषयीचा उत्साह थोडा खाली आला हे मान्य करतो. अधिकार लोकांकडून येतो एवढे सिद्ध केल्याने, लोकांनी तो काढून घेऊन हुकूमशहाला दिला तर काय, याचे उत्तर मिळत नाही. बेलार्मिनला तर राजेशाहीच पसंत होती.

प्रत्यक्ष हरण्याची दोन उदाहरणे देतो. इटलीत १९७० मध्ये घटस्फोटाचा कायदा झाला आणि तो रद्द करण्यासाठी मे १९७४ मध्ये सार्वमत घेण्यात आले. ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे फान्फानी यांनी रद्द करण्याच्या बाजूने जोरदार प्रचार केला. सुमारे ५९ टक्के मतदारांनी कायदा राहू दे असा कौल दिला. पक्षाने तो मान्य केला आणि सरकारे पूर्ववत चालू राहिली. कॅथलिकांचे स्वतःचे असे काही गटही कायदा ठेवण्याच्या बाजूने उतरले होते, आणि त्यांची भाषा मरेच्या भाषेशी बरीच जुळणारी होती.

दुसरे उदाहरण बेल्जियमचे राजे बोदुआँ यांचे. १९९० मध्ये संसदेने गर्भपाताला मर्यादित परवानगी देणारा कायदा मंजूर केला. त्यावर सही करण्यास आपला विवेक परवानगी देत नाही, असे राजाने पंतप्रधानांना कळवले, पण संसदेचा निर्णय अडवण्याची आपली इच्छा नाही, काही मार्ग काढावा, असेही त्याच पत्रात लिहिले. मंत्रिमंडळाने राजा राज्य करण्यास असमर्थ असल्याचे जाहीर केले, स्वतःच कायदा जारी केला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, दोनच दिवसांत, संसदेने राजाला पुन्हा पदावर बसवले. पुष्कळांनी याची थट्टा केली. मला त्यात ढोंग दिसत नाही. स्वतःचा हात बाजूला ठेवायचा आणि इतरांचा हात अडवायचा नाही, हे दोन्ही त्याने एकाच वेळी साधले. अर्थात ही सोय राजाला होती. त्याच्या राज्यातल्या एखाद्या परिचारिकेला दोन दिवस असमर्थ होऊन परत येण्याची मुभा कोण देणार, हा प्रश्न उरतोच.

खाडीपलीकडचा

मी वसईचा, मराठी बोलणाऱ्या कॅथलिक घरातला. मारितँविषयी धागाकर्त्याने काढलेल्या शंकेला एक उत्तर खुद्द मारितँने दिलेले आहे आणि त्याचा एक धागा नागपूरपर्यंत येतो, म्हणून लिहितो.

१९४७ मध्ये युनेस्कोने मानवी हक्कांच्या तात्त्विक पायाविषयी जगभरच्या विचारवंतांकडून मते मागवली. गांधीजींनी युनेस्कोचे प्रमुख जूलियन हक्स्ली यांना छोटे पत्र पाठवले आणि हक्क हे नीट बजावलेल्या कर्तव्यातून येतात, हे आपण आपल्या निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकलो, असे त्यात लिहिले. नागपूर विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे प्रा. एस. व्ही. पुणतांबेकर यांनी हक्कांच्या हिंदू कल्पनेवर निबंध लिहिला. या सगळ्या संग्रहाची प्रस्तावना मारितँची आहे, आणि हक्कांवर आमचे एकमत आहे, मात्र ‘का’ असे कोणी विचारू नये, हा त्यातला किस्सा प्रसिद्धच आहे. खमीर फक्त आमच्याच पिठात आहे असे म्हणणारा माणूस अशी प्रस्तावना लिहिणार नाही. १९४३ चा मारितँ आणि १९४८ चा मारितँ यांच्यात हा फरक पडलेला दिसतो, आणि तो पडण्यामागे अशा निबंधांच्या वाचनाचाही हात असावा असे मला वाटते.

आमच्या भागापुरते सांगायचे तर लोकशाहीचे कॅथलिक तत्त्वज्ञान कोणते, याची चर्चा ख्रिस्तसभेत मी फारशी ऐकलेली नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’चे संपादक होते आणि हरित वसईच्या चळवळीत होते, तिथे विषय पाणी, शेती आणि हिरवा पट्टा हे असत आणि सोबतचे लोक सगळ्या धर्मांचे असत. ‘का’ हा प्रश्न तिथेही कोणी विचारला नाही. हे मरेचे तहाचे कलम म्हणावे की मारितँचे खमीर, हे ठरवायला मी असमर्थ आहे, आणि बेल्जियमच्या राजाप्रमाणे दोन दिवसांत समर्थ होईन असेही वाटत नाही.

दुपारचा चहा

माझ्या शंकेचे अर्धे उत्तर मिळाले, ‘वकिली लेखणी’ आणि ‘नेकारकाठ’ यांचे आभार. एकच विचारायचे राहिले. लेखाची सुरुवात लामनेपासून झाली आणि मग तो कुठे गेला ते समजले नाही. त्या तिघांचे पुढे काय झाले?

टीपकागद

लाकोर्देर आणि मोंतालांबेर यांनी परिपत्रकापुढे मान तुकवली. लामनेने आधी तुकवली, मग १८३४ मध्ये ‘एका श्रद्धावंताची वचने’ हे पुस्तक काढले, त्याचाही रोमने निषेध केला आणि तो चर्चपासून कायमचा तुटला.

फेब्रुवारी १८४८ च्या क्रांतीनंतर फ्रान्समध्ये सर्व पुरुषांना मताधिकार मिळाला आणि संविधान सभेच्या निवडणुकीत हे तिघेही निवडून आले. लाकोर्देर तोपर्यंत डॉमिनिकन संन्यासी झाला होता. तो पांढरा झगा घालून सभागृहात गेला आणि अगदी डाव्या टोकाच्या बाकावर बसला. मे महिन्यात जमावाने सभागृहावर चाल केली, तेव्हा हे आपले काम नव्हे असे ठरवून त्याने काही दिवसांतच राजीनामा दिला. मोंतालांबेर उजवीकडे बसत असे. १८५१ च्या डिसेंबरात लुई नेपोलियनने बंड करून सत्ता बळकावली, तेव्हा मोंतालांबेरने आधी त्याला पाठिंबा दिला आणि काही महिन्यांतच पस्तावून तो विरोधात गेला. १८६३ मध्ये बेल्जियममधल्या मालीनच्या कॅथलिक परिषदेत ‘स्वतंत्र राज्यात स्वतंत्र चर्च’ अशी मागणी त्याने केली, आणि पुढच्याच वर्षी पोप नववे पायस यांची आधुनिक मतांतल्या ८० चुकांची यादी निघाली.

लामनेही डावीकडे बसत असे. राज्यघटनेसाठी त्याने तयार केलेला मसुदा फार जहाल ठरवून बाजूला ठेवला गेला, तरी बंड होऊन सभागृहच बरखास्त होईपर्यंत तो आपल्या बाकावर येत राहिला. १८५४ च्या फेब्रुवारीत तो वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला पेर लाशेझ दफनभूमीत गरिबांच्या सामाईक खड्ड्यात पुरण्यात आले. वर क्रूस ठेवला नाही.